ते तोंड माझं होतं

“सतरा एके सतरा,” मी सुरू केलं, “सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न...”

“अगं थांब, थांब,” मणियार मॅडम म्हणाल्या. “पाढे कुणी विचारले तुला?”

मी थांबले. डोळे मात्र हलवले नाहीत. ते मी आत शिरल्यापासून नाकाच्या शेंड्यावर लावून ठेवले होते, त्यामुळे मला दोन मॅडम दिसत होत्या आणि दोघींच्याही हातात एकेक कागद होता.

“कविता म्हणू का मग?”

“कविता पण नको. तोंड उघड.”

“कविता म्हणताना उघडतंच की.”

दोन्ही मॅडम हसल्या. “नाव काय तुझं?”

“समृद्धी दत्तात्रय वाबळे. इयत्ता तिसरी, तुकडी ब.”

हे सगळं खरं होतं. फक्त ते माझं नव्हतं. मी गार्गी. समृद्धी म्हणजे समू, माझी धाकटी बहीण, त्या वेळी बाहेर व्हरांड्यात बाकाखाली लपून बसली होती.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नऊ वर्षांची, समू आठची. आम्हाला शाळेत एकदमच घातलं होतं, त्यामुळे वर्ग एक, बाक एक, आणि मम्मी एकाच दिवशी एकाच कात्रीनं आमचे केस कापायची म्हणून डोकीही एकसारखी. दिवाळीचे झगे तर एकाच ताग्यातले. फरक एवढाच की समूचा डावा डोळा नाकाकडे सरकायचा. आमच्या थोरात बाई तिला म्हणायच्या, “समृद्धी, माझ्याकडे बघ.” समू म्हणायची, “बघतेच आहे बाई.” तेही ओठांतल्या ओठांत. मग बाई म्हणायच्या, “आणि तोंड उघडून बोल.” म्हणजे एका वाक्यात दोन बोलणी. तोंडी परीक्षेत तर समू दरवर्षी नापास. येत सगळं असायचं, मला उत्तरं तीच सांगायची, पण बाईंसमोर उभी राहिली की नुसतं पुटपुटायची आणि बाई शून्य टाकून पुढच्या मुलीकडे वळायच्या.

तर दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पुण्याचे मोठे डॉक्टर यायचे. वर्षातून एकदा, दोन दिवस. लहान मुलांचे तिरळे डोळे सरळ करायचे. समूचा नंबर लागला होता. ती महिनाभर आरशासमोर उभी राहून एक डोळा हातानं झाकायची आणि म्हणायची, “दिवाळीनंतर बाईंना कळेल, मी बघतेय कुठं ते.”

त्या दिवशी सकाळी मम्मी खाली रक्ताचा रिपोर्ट आणायला गेली आणि वरच्या व्हरांड्यात डोळस सिस्टर आल्या. त्यांचं आडनाव खरंच डोळस होतं. त्यांनी सगळ्या पोरांकडे बघून मोठ्यानं सांगितलं, “आता एकेकानं आत जायचं. भूल देणाऱ्या मॅडम तोंडाची परीक्षा घेणार. पास झाला त्याचं उद्या ऑपरेशन. नापास झाला तो घरी.”

मी समूकडे बघितलं. समूनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे एका डोळ्यानं.

“तोंडी आहे,” ती म्हणाली.

“इथंपण?”

“तू जा ना माझ्या ऐवजी.”

“मला काय होतंय? मी काहीपण सांगीन. पण मम्मीला कळलं तर?”

“कळणार कसं? शप्पथ घे. माझ्या गळ्याची.”

आता हे काय साधं काम नव्हतं. आमच्या वर्गात गळ्याची शप्पथ म्हणजे ज्याचा गळा त्याची कातडी चिमटीत धरून बोलायचं, आणि ती सोडवायची तर गळ्याच्या मालकानंच ‘सुटली’ म्हणायचं. दुसऱ्या कुणी मोडली तर त्या गळ्याचं काही खरं नाही. परवीनच्या गळ्याची शप्पथ तिच्या भावानं मोडली आणि तिसऱ्या दिवशी तिला टॉन्सिल झाले, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. मी समूच्या गळ्याला चिमटा काढला आणि म्हणाले, “तुझ्या गळ्याशप्पथ, समूच्या ऐवजी मी गेले हे कुणाला सांगणार नाही.” तेवढ्यात सिस्टरांनी पुकारलं, “वाबळे.” आणि वाबळे तर मी होतेच.

“वजन बावीस?” मॅडम कागद बघत म्हणाल्या. “दिसतेस तर सव्वीसची.”

“नाश्ता केलाय.”

“चार किलोचा? आणि हा डोळा काय गं, कधी हा जातोय, कधी तो जातोय.”

“त्याचं काही ठरलेलं नसतं.”

“बरं, ते डोळ्यांचे डॉक्टर बघतील. मला तुझं तोंड दाखव. आ कर. मोठा. अजून मोठा.”

मी असा आ केला की कानांत कट्ट झालं. मग जीभ बाहेर. मग दात हलतोय का. मग मान मागे टाकून छताच्या पंख्याकडे बघ. मग एका बाजूनं उभी राहा, हनुवटी बघू दे. घोरतेस का? मी म्हणाले, मी नाही, पप्पा घोरतात. मला ही परीक्षा फारच आवडायला लागली. एकही प्रश्न पुस्तकातला नाही, आणि सगळ्यांची उत्तरं मला येत होती.

“आता तुझ्या हाताची तीन बोटं एकावर एक धर आणि तोंडात उभी घाल. जातात?”

गेली. चौथंही घालून दाखवते म्हटलं, तर मॅडमनी हात धरला.

“पुरे पुरे. तीन गेली की मी आज निवांत जेवायला मोकळी.”

“आणि नाही गेली तर?”

“तर जेवण बाजूला ठेवायचं आणि फोन करत बसायचं.” असं म्हणून त्यांनी कागदावर मोठी बरोबरची खूण केली. मला वाटलं, डॉक्टर लोकांचे पण उपास असतात.

बाहेर येऊन मी समूला बाकाखालून ओढलं. “पास. पैकीच्या पैकी.” समूनं माझा हात धरून उड्या मारल्या. मम्मी वर आली तेव्हा आम्ही दोघी इतक्या शहाण्यासारख्या बसलो होतो की तिनं आधी संशयानं बाकाखाली बघितलं.

दुपारी आम्हाला वॉर्डमध्ये खाट मिळाली. मम्मीनं डबा उघडला, समूसाठी भाकरी दुधात अगदी गुळगुळीत कुस्करली आणि चमच्यानं भरवत बसली. “हिचे नखरे, तासभर जेवते,” ती शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होती. “तोंड म्हणजे चिमणीचं.” मग ती भांडी धुवायला गेली आणि मी मणियार मॅडम झाले. गळ्यात ओढणी अडकवली, समूला खाटेवर सरळ बसवलं.

“नाव? बरं. जीभ? बरं. पंख्याकडे बघ. आता आ कर.”

समूनं आ केला.

“मोठा कर.”

“केलाय.”

“अगं लाजतेस काय, मीच तर आहे. आ.”

“हाच आ आहे,” समू म्हणाली.

मी वाकून बघितलं. वरचे चार दात, खालचे चार दात, मध्ये एक फट. “बोटं घाल. तीन.”

समूनं तीन बोटं नेली आणि ती दातांवर आपटली. मग दोन. दुसरं अर्धं अडकलं. मला हसू आलं. आधी खूप आलं. मी तिची हनुवटी धरून खाली ओढली तर ती “आई गं” म्हणाली आणि हनुवटी होती तिथंच राहिली, दाराला आतून कडी असावी तशी.

“एवढंच उघडतं?” मी विचारलं.

“एवढंच असतं ना सगळ्यांचं?”

“माझं बघ.” मी आ केला. समूनं आत निरखून बघितलं.

“मला वाटायचं तू उगाच शायनिंग करतेस,” ती म्हणाली.

मी ओढणी काढून ठेवली. डोळस सिस्टर पलीकडच्या पोराला थेंब घालत होत्या, त्यांच्याकडे गेले.

“सिस्टर, ऑपरेशन डोळ्याचं आहे तर तोंड कशाला बघतात?”

“अगं, औषधानं गाढ झोपवल्यावर श्वास मॅडम सांभाळतात. तोंडातून नळी घालतात घशात. सगळा श्वास त्या नळीतून.”

“आणि तोंडच उघडलं नाही तर?”

“झोपल्यावर सगळ्यांचंच उघडतं. तुझ्या तोंडात तर माश्या जात असतील,” सिस्टर म्हणाल्या, आणि ते पोरगंसुद्धा हसलं.

मला नेहमी हसू येतं अशा गोष्टींना. तेव्हा नाही आलं. मी मनात नळी बघत होते आणि ती दीड बोटाची फट बघत होते. आणि मॅडमच्या कागदावर तर बरोबरची मोठी खूण होती. त्या कुठंतरी निवांत जेवत असणार.

मी समूकडे परत आले. “समू, सुटली म्हण.”

“का?”

“मॅडमना सांगायला पाहिजे. तुझ्या तोंडातून नळी जाणार नाही.”

“मग मला घरी पाठवतील.”

“पाठवू दे.”

“नाही म्हणणार सुटली.”

“अगं मरशील तू.”

“तू सांगितलंस तरी मरणारच की. गळ्याची शप्पथ आहे.” असं म्हणून तिनं चादर डोक्यावरून घेतली. चादरीतून आवाज आला, “एक वर्ष थांबावं लागेल, गार्गी. एक अख्खं वर्ष. बाई सारखं म्हणणार, इकडे बघ, इकडे बघ.”

मी खाटेच्या कडेला बसून विचार केला. माझ्या आयुष्यातला तो पहिला विचार असावा, त्याआधी मी नुसतं बोलायचे. सांगितलं तर समूचा गळा. नाही सांगितलं तर समूचाच गळा. तिसरा गळा कुठून आणायचा? तेवढ्यात खिडकीतून खाली दिसलं, मणियार मॅडम पर्स खांद्याला लावून स्कूटरकडे निघाल्या होत्या. मी जिना धावत उतरले. चपला वरच राहिल्या.

“मॅडम, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची नाहीये.”

“बरं. मग नको सांगूस.” त्यांनी हेल्मेट घातलं.

“पण ती तुम्हाला कळली पाहिजे.”

“मग सांग.”

“नाही येत सांगता. शप्पथ आहे.”

“कुणाची?”

“समूच्या गळ्याची.”

हेल्मेटच्या आतून मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. “समू म्हणजे?”

“समृद्धी वाबळे. उद्याची.”

“समृद्धी वाबळे तर तू ना? सकाळी पाढे म्हणणारी.” मग त्या जरा वाकल्या. “आणि तुझा डोळा सरळ कसा झाला?”

“माझे सरळच असतात,” मी म्हणाले. पाय पोळत होते म्हणून मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होते. आणि उभ्या उभ्या मला एकदम सुचलं. शप्पथ समूच्या ऐवजी गेल्याची होती. माझ्या स्वतःच्या तोंडाबद्दल तर मी कुणाच्याच गळ्याला हात लावला नव्हता.

“मॅडम, सकाळी तुम्ही बघितलं ना, ते तोंड माझं होतं.”

मॅडमची किल्ली हातातच राहिली.

“समूबद्दल मी काही बोलले नाहीये हं,” मी घाईनं म्हणाले.

“तिचं किती उघडतं?”

“ते मी नाही सांगणार.” मी एक बोट वर केलं. मग दुसरं वर केलं आणि ते अर्ध्यात मुडपलं.

मॅडमनी हेल्मेट काढून स्कूटरच्या आरशाला अडकवलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या. मी एवढी धावणारी, पण मला गाठता आलं नाही.

त्या खाटेशी पोचल्या तेव्हा मम्मी नुकतीच भांडी घेऊन आली होती. मॅडमनी चादर हळूच खाली केली. “समृद्धी, आ कर बाळा.” समूनं माझ्याकडे असं बघितलं की त्या वेळी तिचे दोन्ही डोळे माझ्यावरच होते, याची मला खात्री आहे. मग तिनं आ केला. मॅडमनी तिच्या कानांच्या पुढे दोन्हीकडे बोटं ठेवली आणि पुन्हा आ करायला लावला, पुन्हा मिटायला लावला. हनुवटीखालच्या पांढऱ्या रेघेवर अंगठा फिरवला.

“ही खूण कशाची?”

“पडली होती हो, चार वर्षांची असताना, गोठ्याच्या पायरीवर,” मम्मी म्हणाली. “दोन टाके घातले, आठ दिवसांत बरी झाली. का, काय झालं?”

“तोंड केव्हापासून एवढंच उघडतं?”

“लाजरी आहे ना ती. कुणासमोर तोंडच उघडत नाही. शाळेतून पण सारखी तक्रार.” मम्मी हसली. “घरी नुसती पुटपुटते.”

“ती उघडत नाही, की तिला उघडता येत नाही?” मॅडमनी विचारलं.

मम्मीचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. तिनं समूकडे बघितलं, खाटेखालच्या डब्याकडे बघितलं, त्यात अजून कुस्करलेली भाकरी होती. मग ती समूजवळ बसली आणि तिनं समूच्या गालाला नुसता हात लावला.

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. पडली तेव्हा जबड्याचा सांधा आतून दुखावला असणार आणि हळूहळू तो जखडत गेला. फोटो काढल्यावर नक्की कळेल. इथं उद्या भूल द्यायची नाही. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, तिथं बारीक कॅमेऱ्याची नळी नाकातून घालतात, तोंड उघडायची गरज पडत नाही. आधी जबडा मोकळा करायचा, मग डोळा. “हे आधी माहीत असलं तर काही अवघड नाही,” त्या म्हणाल्या. “माहीत नसलं तर मात्र फार अवघड.”

“पण सकाळी तर तुम्ही पास केलं ना?” मम्मीनं विचारलं.

मग माझी गोष्ट निघाली. मम्मी उठली. तिचा उजवा हात उठला की डावीकडे पळायचं हे मला पाठ होतं, पण डावीकडे भिंत होती.

“मारायचं तर उद्या मारा,” मणियार मॅडम मध्ये येऊन म्हणाल्या. “उद्या टेबलावर मी तोंड पुन्हा बघितलंच असतं. पण तेव्हा ती रडत असती. आणि रडणाऱ्या पोरीनं तोंड उघडलं नाही, तर आम्हीपण म्हणतो, घाबरलीय, लाजतेय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तू, परत कुणाच्या परीक्षेला बसलीस तर तुझं तोंड मी टाके घालून शिवेन.”

त्या व्हरांड्यात गेल्या आणि पुण्याला फोन लावत उभ्या राहिल्या. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा.

समूनं अंगावरची चादर घडी करून ठेवली. अगदी नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. मग माझ्यासमोर करंगळी धरली. कट्टी.

“मी तुझं काहीच सांगितलं नाही,” मी म्हणाले. “मी माझ्या तोंडाचं सांगितलं.”

तिनं करंगळी खाली घेतली नाही. एसटीत ती मम्मीच्या पलीकडे बसली, आणि खिडकीची जागा मी देते म्हटलं तरी घेतली नाही. समूनं खिडकी नाकारली म्हणजे काय, ते आमच्या घरच्यांनाच कळेल.

जबड्याचं ऑपरेशन जानेवारीत पुण्याला झालं. मला नेलं नव्हतं, मी आत्याकडे होते. पप्पांनी फोनवर सांगितलं की नळी नाकातून गेली, सगळं नीट झालं, आणि शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा कुल्फी मागितली. मी म्हटलं, तिला फोन द्या. पलीकडे जरा कुजबुज झाली आणि पप्पा म्हणाले, “ती करंगळी दाखवतेय.” डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या दिवाळीत झालं, म्हणजे तिचं अख्खं वर्ष खरंच गेलं.

पण ती कट्टी इतकी टिकली नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी समूला व्यायाम दिला होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर दोन-चार दिवसांनी एक काडी वाढवायची, नाहीतर सांधा परत जखडतो. ते भयंकर दुखायचं. समू ओट्याखाली पाटावर बसून काड्या धरायची आणि डोळ्यांतून पाणी गळायचं. मी समोर बसून मोजायचे, कारण घड्याळ बघायचं काम मला दिलं होतं. ती मोजू द्यायची, पण बोलायची नाही. सात काड्या झाल्या. दहा झाल्या. अकरावीला ती आठ दिवस अडली.

मार्चमध्ये एका सकाळी समूनं चौदा काड्या धरल्या. मी तीनशेपर्यंत मोजलं आणि म्हटलं, “झालं, काढ.” तिनं काढल्या. पुसल्या, डब्यात ठेवल्या, झाकण लावलं. मग तिनं माझ्याकडे बघून तोंड उघडलं, आणि ते उघडतच गेलं.

“गार्गी,” ती ओरडली.

तो आवाज आमच्या घरात कुणी कधी ऐकलेला नव्हता. मम्मीच्या हातातलं पीठ परातीत पडलं.

“गार्गी, तू एक नंबरची खोटारडी आहेस. माझं ऑपरेशन होतं आणि तू खाली पळालीस. चपला न घालता पळालीस, मी खिडकीतून बघत होते. मी तुला हाका मारल्या, वरून किती हाका मारल्या, तुला ऐकूच गेल्या नाहीत. आणि बोट मुडपून दाखवलंस, ते सांगणंच झालं, सगळ्या जगाला कळतं ते सांगणं असतं...”

ती बोलत राहिली. शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या, काय झालं म्हणून. मी मध्ये काहीतरी म्हणणार होते, माझी बाजू मांडायची होती, मुद्दे तयारच होते. पण मम्मीनं पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. तिनं दुसऱ्या हातानं गॅस बंद केला आणि ती तिथंच जमिनीवर बसली.

“बोलू दे तिला,” ती म्हणाली.

मग आम्ही दोघी बसून ऐकत राहिलो. माझं तोंड पिठानं भरलं होतं, आणि समूचं संपायला चांगला अर्धा तास लागला.